एक सूत, पाऊण सूत

दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रविवारी माझा पुतण्या दारात येऊन उभा राहिला. एका हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले सोळा दातांचे चक्र होते, दुसऱ्या हातात पिवळ्याधमक रंगाची नवी चेन. "काका, दोन्ही वस्तू नव्या आहेत आणि दोघांचं एकमेकांशी जमत नाहीये," तो म्हणाला.

त्याला माझ्या वडिलांची, म्हणजे त्याच्या आजोबांची, सायकल 'फिक्स्ड गिअर' करायची होती. अण्णांची ती काळी, उंच, अठ्ठावीस इंची गाडी ते गेल्यापासून जिन्याखाली उभी होती. फिक्स्ड गिअर म्हणजे मागच्या चाकात फ्रीव्हील नाही. चाक फिरते तोवर पायडल फिरणार. उतारावर पाय स्थिर ठेवण्याची सोय नाही. वेग कमी करायचा तर पायांनीच पायडल मागे रेटायचे. शर्यतीच्या ट्रॅकवर सायकली अशाच असतात, आणि हल्ली शहरातल्या तरुणांनाही त्यांची ओढ लागली आहे. मी परवानगी दिली. जिन्याखाली गंजण्यापेक्षा रस्त्यावर फिरलेली बरी, एवढाच विचार त्यामागे होता.

मी इंजिनिअर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, आयुष्य एका पतपेढीत हिशेब लिहिण्यात गेले. जुन्या यंत्रांच्या इतिहासाचा नाद मात्र पंचवीस वर्षांचा आहे. जुनी कॅटलॉगे, मोडीत निघालेली मशीने, गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींशी गप्पा, हीच माझी शाळा. त्यामुळे कपाटातून व्हर्निअर काढून मी ऐटीत मोजमापे घेतली. पिवळ्या चेनची आतली रुंदी भरली २.४ मिलिमीटरच्या आसपास. चक्राच्या दाताची जाडी तीनच्या जवळ. दात चेनमध्ये शिरणारच नव्हता.

आपल्याकडचे सुतार, गवंडी आणि फिटर अजूनही 'सूत' मोजतात. एका इंचाची आठ सुते. तीन सुती सळई, चार सुती सळई हे शब्द घर बांधलेल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेले असतात. या भाषेत सांगायचे तर पुतण्याचे चक्र एक सुताच्या, म्हणजे १/८ इंच रुंदीच्या, चेनसाठी होते आणि त्याने आणलेली चेन पाऊण सुताची, म्हणजे ३/३२ इंचाची होती. फरक पाव सुताचा. मिलिमीटरमध्ये जेमतेम ०.८.

"एक सुती चेन आण, काम होईल," मी सांगितले. त्याने आणली. चेन बसली. काम झाले, असे मला वाटले. या लेखाचे कारण ते वाटणेच आहे.

*

पाव सुताचा हा फरक आला कुठून, या प्रश्नाने मला आधी पकडले. त्यासाठी मात्र एका अधिक मूलभूत मापापासून सुरुवात करावी लागते. ते म्हणजे पिच, चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक सायकलच्या चेनचे पिच अर्धा इंच आहे: चार सूत, १२.७ मिलिमीटर. लुधियानात तयार झालेली असो, तैवानमधली असो वा इटलीतली.

सायकलला चेन लागली ती पाय आणि चाक वेगळे करण्यासाठी. एकोणिसाव्या शतकातल्या, पुढचे चाक प्रचंड असलेल्या 'ऑर्डिनरी' सायकलीत पायडल थेट त्या चाकाच्या आसालाच जोडलेले असे. म्हणजे ती फिक्स्डच. वेग हवा तर चाक मोठे हवे, आणि चाक किती मोठे असावे हे स्वाराच्या पायाच्या लांबीवर ठरे. १८८५ साली कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर 'सेफ्टी' सायकल आली. दोन्ही चाके जवळपास सारखी आणि मागचे चाक चेनने फिरवलेले. चाकाच्या आकाराचे काम आता दातांच्या गुणोत्तराने होऊ लागले. पण जुनी सवय भाषेत उरली. इंग्रजी मुलखात गिअर अजूनही इंचांत सांगतात, म्हणजे आपली गाडी किती इंची चाकाच्या ऑर्डिनरीसारखी चालते ते. अण्णांच्या गाडीला पुढे ४४ दात, मागे १८. ४४ भागिले १८, गुणिले २८ केले की साधारण साडेअडुसष्ट इंच येतात. पुतण्याच्या सोळा दातांनी ते ७७ इंच झाले. हा आकडा लक्षात असू द्या.

चेनच्या इतिहासातला मोठा माणूस म्हणजे हान्स रेनोल्ड. जन्माने स्विस, तरुणपणी मँचेस्टरला आला, आणि १८७९ साली तिथल्या सॅलफर्ड भागातला जेम्स स्लेटर यांचा चेनचा छोटा धंदा त्याने विकत घेतला. कापड गिरण्यांच्या यंत्रांना चेन पुरवणारा तो धंदा होता. पूर्वीच्या चेनमध्ये पट्ट्यांची अरुंद भोके थेट पिनेवर घासत आणि पिनेला खाचा पडत. रेनोल्डने १८८० मध्ये पेटंट घेतलेल्या चेनमध्ये पिनेभोवती एक नळी आली आणि नळीवर फिरणारा रोलर. भार पिनेच्या पूर्ण लांबीवर पसरला, आणि दातावर घासण्याऐवजी रोलर लोळू लागला. एवढीच युक्ती, आजची सायकल तिच्यावरच चालते. स्टार्लीच्या रोव्हरच्या पाच वर्षे आधी चेन तयार होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कापडगिरणीसाठी घडलेली वस्तू सायकलच्या कामी आली.

सुरुवातीच्या सायकलींवर इंचभर पिचच्या ठोकळेवजा 'ब्लॉक' चेन फार चालत. त्यांच्या चक्राचे दात एकाआड एक काढून टाकल्यासारखे दिसतात. जुन्या छायाचित्रांत अशी विरळ दातांची चक्रे दिसली की आपण इंच पिचच्या काळात आहोत हे समजावे. ट्रॅकवरच्या स्वारांनी ती बराच काळ सोडली नाहीत. पण इंच पिचच्या चेनमधून अर्ध्या इंचात जाताना जुने पूर्ण मोडावे लागले नाही, कारण एकाचे बरोबर दोन होतात. अर्धा इंच टिकण्यात या सोप्या भागाकाराचा वाटा आहे, असे मला वाटते.

ते मोडण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या शिमानो कंपनीने ट्रॅकसाठी १० मिलिमीटर पिचची चेन आणि चक्रे काढली. तेवढ्याच दातांत चक्र लहान होते, वजन कमी होते. हिशेब चोख होता. पण त्या चेनला दुसऱ्या कोणाचेही चक्र चालत नव्हते आणि त्या चक्राला दुसऱ्या कोणाचीही चेन. काही वर्षांत ती बाजारातून गेली. चेन झिजते, बदलावी लागते. परगावी तुटली तर तिथल्या दुकानात मिळावी लागते. अशा वस्तूचे माप एकट्याला बदलता येत नाही.

झिजण्याचेही एक माप आहे, आणि ते सुतातच सांगता येते. नव्या चेनच्या चोवीस कड्यांची लांबी बरोबर एक फूट असते. पोलाद ताणले जात नाही. पिना आणि नळ्या झिजून प्रत्येक सांध्यात किंचित ढिलाई येते आणि पिच वाढते. फुटाला अर्धे सूत वाढले की चेन बदलावी. पूर्ण सूत वाढेपर्यंत चालवली तर दातही खाल्ले गेलेले असतात, आणि नवी चेन त्या जुन्या दातांवर उड्या मारते. म्हणून झिजलेल्या चक्रावर नवी चेन किंवा झिजलेल्या चेनला नवे चक्र हे लग्न टिकत नाही, मापे कागदावर कितीही जुळोत.

*

आता रुंदी. पाव सूत कमी कसे झाले?

याचे उत्तर फ्रान्समधल्या घाटांत आहे. 'तूर द फ्रान्स' ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. तिचे सूत्रधार आंरी देग्रांज स्वतः ट्रॅकचे स्वार. १८९३ मध्ये पॅरिसच्या ब्यूफालो ट्रॅकवर एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापून त्यांनी विक्रम केला होता. माणसाच्या पायांची परीक्षा व्हावी, यंत्राची नको, असे त्यांचे मत होते. गिअर बदलणाऱ्या यंत्राला त्यांनी शर्यतीत वर्षानुवर्षे येऊ दिले नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रे असत. घाट आला की स्वार उतरायचा, चाक काढायचा, उलटे करून बसवायचा आणि पुन्हा निघायचा. सँतेत्येन गावचे पॉल द व्हिव्ही, 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहिणारे, त्याच काळात अनेक गिअरांचा हिरिरीने पुरस्कार करत होते. देग्रांज १९३६ मध्ये बाजूला झाले आणि १९३७ च्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या यंत्राला मुभा मिळाली. त्या वर्षीचा विजेता रोजे लापेबी ते वापरूनच जिंकला.

गिअरवाल्या सायकलीत एकाच हबवर तीन, चार, पाच चक्रे शेजारीशेजारी दाटीने बसवायची, तर जागा हवी. गाडीचा मागचा चिमटा वाटेल तितका रुंद करता येत नाही. मग दात बारीक झाले, चेन अरुंद झाली. एक सुताचे पाऊण सूत असे झाले. आज दहा-बारा चक्रांच्या गाड्यांत ती पाऊण सुताहूनही बारीक आहे. ज्या गाड्यांना एकच चक्र होते, म्हणजे ट्रॅकची सायकल आणि आपली दूधवाल्याची, पोस्टमनची सायकल, त्या एक सुतावरच राहिल्या. म्हणून गमतीची गोष्ट अशी की ऑलिंपिकमध्ये धावणाऱ्या ट्रॅक सायकलींवर आणि गॅसची सिलिंडरे वाहणाऱ्या काळ्या सायकलींवर एकाच मापाची चेन दिसू शकते: १/२ गुणिले १/८.

यातून व्यवहाराचा नियम निघतो. एक सुती चेन पाऊण सुती चक्रावर चालते. थोडी सैल बसते, आवाज करते, पण चालते. पाऊण सुती चेन एक सुती चक्रावर बसतच नाही. रुंदाला बारीक सामावते, बारीकाला रुंद नाही. चेनच्या डबीवर छापलेले माप तिच्या आतल्या रुंदीचे असते. दात त्याहून अंमळ पातळ ठेवलेला असतो.

फिक्स्ड गाडीत आणखी दोन पथ्ये आहेत. पुढचे आणि मागचे चक्र एका सरळ रेषेत हवे, कारण चेनला बाजूला वाकायला इथे वाव देता येत नाही. आणि चेन ना ताठ, ना लोंबती. गिअरवाल्या गाडीत स्प्रिंगचा हात खालची चेन ओढून धरतो. फिक्स्डमध्ये पायडल मागे रेटले की सगळा ताण त्या खालच्याच बाजूवर येतो, तिथे स्प्रिंग टिकणार नाही. चाक मागेपुढे सरकवूनच ताण साधावा लागतो. अण्णांच्या गाडीत त्यासाठी लांब खाचा आणि चेन ॲडजस्टर होतेच. त्याबाबतीत ती गाडी जन्मतःच योग्य होती.

पिच जुळले, रुंदी जुळली, रेषा जुळली, ताण जुळला. मी खूश होतो.

*

गणपती झाल्यावर एका सकाळी पर्वतीच्या पायथ्याजवळच्या उतारावर पुतण्या पडला. डाव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. डोके वाचले, एवढेच. तो सांगत होता, "काका, मी मागे दाबलं आणि पायडल हातून सुटल्यासारखं मोकळं झालं. ब्रेकच लागेना." दांडीचे ब्रेक त्याने काढून टाकले होते. या गाड्यांची फॅशनच तशी.

गाडी ज्या दुकानात जोडली होती तिथे मी ती ढकलत नेली. मिस्त्रींनी ती उलटी केली, पायडल पुढे फिरवले. चाक फिरले, चेन जागेवर, चक्र घट्ट. "गाडीत काही नाही काका, पोराचा पाय घसरला असेल," ते म्हणाले. मला ते पटतही होते. निघताना सहज वाकून पाहिले तर चक्र आणि त्याच्या बाहेरची रिंग यांच्यात केसाएवढी फट दिसली. मी चाक घट्ट धरायला सांगितले आणि पायडल मागे रेटले. चक्र हबवरून सुटून अलगद बाहेर फिरू लागले, आणि रिंगही त्याच्याबरोबर.

चेन आणि चक्र यांच्या पलीकडे एक तिसरे माप असते, आणि ते मी विचारलेच नव्हते. चक्र हबवर आट्यांनी बसते. हे आटे आहेत १.३७५ इंच व्यासाचे, इंचाला चोवीस. इंग्रजी पद्धतीच्या फ्रीव्हीलचे आणि ट्रॅकच्या चक्राचे आटे एकच. म्हणून फ्रीव्हील काढले की त्या जागी फिक्स्ड चक्र छान बसते. गाडीच्या उजव्या अंगाने पाहिले तर चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. पुढे पायडल मारले की चेन चक्राला त्याच दिशेने ओढते आणि ते सुलट्या आट्यांवर अधिकच आवळले जाते. फ्रीव्हीलला एवढे पुरते, कारण त्याला मागे ओढणारे काही नसते. फिक्स्ड चक्राला मात्र स्वार मागे रेटतो, आणि मागे रेटणे म्हणजे आटे उलगडणे.

यावर ट्रॅकच्या हबमध्ये शंभराहून अधिक वर्षे एक साधा उपाय आहे. त्या हबला दोन पायऱ्या असतात. आतल्या मोठ्या पायरीवर चक्र, सुलट्या आट्यांचे. बाहेरच्या लहान पायरीवर, १.२९ इंचाच्या, लॉकरिंग. तिचे आटे उलटे. चक्र उलगडू लागले की ते रिंगला आपल्याबरोबर फिरवू पाहते, आणि त्या फिरण्याने उलट्या आट्यांची रिंग घट्ट होते. सुटण्याचा प्रयत्नच बंधन आवळतो.

अण्णांच्या हबला एकच पायरी होती, कारण तो फ्रीव्हीलचा हब होता. मिस्त्रींनी दुसरी जुनी रिंग शोधून लावली होती, क्रँकच्या आसाच्या डाव्या टोकाला असते ती. इंग्रजी पद्धतीच्या त्या रिंगचे माप १.३७ इंच, चोवीस आटे. बसते. पण तिचे आटेही सुलटेच. चक्र उलगडले की तीही त्याच दिशेने उलगडणार. फक्त दाबाने अडवून धरणारी नट ती, बंधन नव्हे. शिवाय गिअर ७७ इंचांचा. पायडलच्या एका फेऱ्यात गाडी सहा मीटरहून पुढे जाते. ताशी ३६ किलोमीटरने उतरताना मिनिटाला जवळजवळ शंभर फेरे. तेवढा वेग पायांनी रोखायचा, तर आट्यांवर केवढा जोर येत असेल. आणि पुढे पायडल मारताच सगळे पुन्हा आवळले जाते, म्हणून दुकानात दोष दिसत नव्हता.

मिस्त्रींना मी बोल लावला नाही. त्यांनी त्यांच्या चाळीस वर्षांच्या अनुभवात फ्रीव्हीलच्याच गाड्या जोडल्या होत्या. व्हर्निअर माझ्याकडे होते.

*

या आट्यांचा इतिहास चेनच्या उलट आहे. चेनचे पिच सगळ्या जगाने एक मानले, पण आट्यांच्या बाबतीत प्रत्येक देश आपल्याच मापाला चिकटून राहिला. इंग्रजी हब १.३७५ इंच, म्हणजे सुमारे ३४.९ मिलिमीटर, आणि इंचाला चोवीस आटे. फ्रेंच ३४.७ मिलिमीटर, आटे एक मिलिमीटरच्या अंतराने. इटालियन ३५ मिलिमीटर, पण आटे इंचाला चोवीस. व्यासातला फरक हाताला जाणवतही नाही. फ्रेंच हबवर इंग्रजी चक्र सैल बसते, एखादा फेरा फिरते आणि पहिल्याच चढावर आटे कापून निघते. इंग्लंडमध्येही एकमत नव्हतेच. रॅले कंपनीने आपल्या गाड्यांच्या क्रँकच्या आसाला इंचाला सव्वीस आटे ठेवले, तर इतर बहुतेकांनी चोवीस. मिस्त्रींच्या हाती रॅले धर्तीची रिंग लागली असती तर ती हबवर चढलीच नसती, आणि पुतण्याचे मनगट कदाचित वाचले असते.

असे का व्हावे, याबद्दल माझा एक तर्क आहे. चेन ही उपभोगाची वस्तू. ती वरचेवर विकत घ्यावी लागते, म्हणून ती सगळीकडे मिळावी अशी गरज ग्राहकाची असते. हब एकदाच घेतला जातो आणि वीस वर्षे चालतो. त्याचे माप वेगळे असण्यात कारखानदाराचा फायदा असतो, कारण पुढचा सुटा भागही त्याच्याकडूनच घ्यावा लागतो. जे झिजते ते जगाचे झाले. जे टिकते ते ज्याचे त्याचे राहिले. दुसऱ्या यंत्रांनाही हे लागू पडते का, हे जाणकारांनी पाहावे.

आपल्याकडे मद्रासचा टीआयचा कारखाना १९४९ सालचा, आसनसोलचा सेन-रॅले त्यानंतरचा, लुधियानाच्या हिरोने १९५६ पासून सायकली बनवल्या. गाडी इंग्रजी धर्तीची, म्हणून मापेही इंग्रजी. त्याच १९५६ साली संसदेने वजने-मापांचा कायदा करून मेट्रिक पद्धत आणली. शेर गेले, मैल गेले. पण सायकलच्या चेनवर अर्धा इंच राहिला, आणि फिटरच्या तोंडी सूत.

ब्रिटनच्या नियमांत फिक्स्ड चाक हा एक ब्रेक मानला जातो, पण पुढच्या चाकाला ब्रेक हवाच. हे मी नंतर वाचले. आधी वाचायला हवे होते. 'बसले की चालले' हा आपला सर्वांचा नियम. सुटे भाग महाग आणि माणसे कल्पक असलेल्या देशात तो आवश्यकही आहे. पण बसणे आणि टिकणे यांत अंतर आहे. पहिले हाताने कळते. दुसरे कळायला भार उलट्या दिशेने द्यावा लागतो.

पुतण्याने गाडी सोडली नाही. प्लास्टर निघाल्यावर त्याने दोन पायऱ्यांच्या हबचे वेगळे चाक विणून घेतले, मागे अठरा दात, पुढच्या चाकाला ब्रेक. बालेवाडीच्या ट्रॅकवर तो कधीमधी जातो. चाक बसवताना रिंग मी माझ्या हाताने आवळली आणि त्याला पायडल मागे रेटायला लावले, दहा वेळा.

अण्णांचे जुने चाक, त्याच्या फ्रीव्हीलसह, माझ्या टेबलाशेजारी टेकवून ठेवले आहे. लिहिता लिहिता अडलो की मी ते उलटे फिरवतो. टकटक आवाज येतो. अण्णा रात्री कामावरून परतताना गल्लीच्या तोंडाशी पायडल थांबवत, तेव्हा हाच आवाज घरापर्यंत यायचा आणि आई ताट वाढायला घ्यायची.